अंगणातील हिरवळ काढायची आहे. गवताचे थर आणि खालची माती वाया न घालवता पुन्हा कशी वापरावी?

अंगणवेल (जळगाव)

नमस्कार. जळगाव शहराबाहेरच्या एका वसाहतीत आमचे घर आहे. समोरच्या अंगणात ३० फूट लांब आणि २० फूट रुंद हिरवळ आहे. सुमारे १५ वर्षांपूर्वी सासऱ्यांनी रोपवाटिकेतून तयार गालिचे आणून ती मोठ्या हौसेने लावली होती. आता मात्र ती सांभाळणे परवडत नाही. ६०० चौरस फूट म्हणजे जवळपास ५६ चौरस मीटर होतात आणि उन्हाळ्यात दिवसाला फक्त ६ मिलिमीटर पाणी धरले तरी ३३० लिटरच्या वर जाते. आमची कूपनलिका वैशाखात जेमतेम अर्धा तास चालते. शेजारी टँकर मागवत असताना आपण गवताला पाणी पाजावे, हे आता मनाला पटत नाही.

फाटकाकडच्या अर्ध्या भागात गाडी उभी करण्यासाठी पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि घराकडच्या अर्ध्या भागात भाजीचे वाफे करायचे, असे आम्ही ठरवले आहे. भरिताची वांगी, मेथी, कोथिंबीर आणि दोन-चार वेली एवढीच अपेक्षा आहे. आग्नेय कोपऱ्यात जुना कडुनिंब आहे आणि तो राहणारच आहे.

ठेकेदार म्हणतात, जेसीबी लावून एका दिवसात सगळे खरडून काढतो, ट्रॉलीने बाहेर टाकतो आणि नंतर वाफ्यांसाठी लाल माती आणून देतो. म्हणजे आपलीच माती घालवण्यासाठी पैसे द्यायचे आणि दुसऱ्याची माती आणण्यासाठीही पैसे द्यायचे. हा व्यवहार मला उलटा वाटतो, पण तो उलटा आहे हे ठामपणे सांगण्याइतके ज्ञान माझ्याकडे नाही.

काल संध्याकाळी एका कडेला खुरप्याने वीतभर चौकोन कापून पाहिला. वर दोन इंच मुळांची घट्ट विणलेली चटई होती, तिच्याखाली अंगठ्याएवढ्या जाडीचा लाल मातीचा थर आणि त्याखाली भेगाळलेली काळी माती. मुळांमध्ये एक पांढरी, तपकिरी डोक्याची, अंगाचे वेटोळे केलेली अळी सापडली. शिवाय दोऱ्यात ओवल्यासारख्या काळपट गाठीही दिसल्या. त्या कशाच्या असाव्यात?

गवताचा थर कसा आणि कधी काढावा, त्याचे खत होते का, खालची माती वाफ्यांना चालेल का, आणि एवढी माती ठेवायची कुठे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाफसा (चोपडा)

ताई, तुमचा संशय बरोबर आहे. ती माती बाहेर जाऊ देऊ नका. १५ वर्षे गवताची मुळे ज्या मातीत जन्मली आणि कुजली, तिच्यातला सेंद्रिय अंश विकत आणलेल्या लाल मातीत नसतो. आमच्याकडे धरणाचा गाळ शेतात टाकण्यासाठी शेतकरी स्वतःच्या खर्चाने ट्रॅक्टर लावतात आणि शासनाने २०१७ मध्ये गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार ही योजना आणली, तीही याच जाणिवेतून. गावाकडे पडक्या घराची पांढरी मातीसुद्धा जुने लोक शेतात नेऊन पसरत असत. अशा मुलखात अंगणातली काळी माती रस्त्याच्या कडेला ओतणे मला तरी पाहवत नाही.

मात्र सगळे एकत्र खरडले तर मातीची किंमत जाते. गवताचा थर, त्याखालची वरची माती आणि अगदी खालचा मुरूम किंवा चुनखडीयुक्त थर यांचे ढीग पहिल्या घमेल्यापासून वेगळे ठेवावेत. एकदा मिसळलेले नंतर वेगळे करता येत नाही आणि जेसीबीचा दात हा भेद ओळखत नाही. म्हणून निदान गवताचा थर तरी माणसांकडून काढून घ्या.

आधी हिशेब मांडू. ६०० चौरस फुटांवरून २ इंचांचा थर काढला तर १०० घनफूट, म्हणजे बरोबर १ ब्रास गवताच्या ढेपा निघतील. पेव्हर ब्लॉकच्या ३०० चौरस फुटांत एकूण ९ इंच खाली जायचे असेल, तर गवताखालून आणखी ७ इंच, म्हणजे १७५ घनफूट माती निघेल. जमिनीतून सुटलेली माती फुगते. पाव हिस्सा वाढ धरली तर सगळे मिळून साडेतीन ब्रासच्या आसपास जाईल. हे सगळे अंगणातच सामावेल.

काढण्याच्या दोन दिवस आधी हिरवळीला एकदा भरपूर पाणी द्या आणि वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी कामाजोगी ओलसर होऊ द्या. काळ्या मातीत सगळा खेळ वाफशाचा आहे. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा फुटून विखुरला तर काम सुरू करा. बोटांत चोळल्यावर चकचकीत पट्टी निघत असेल तर थांबा. ओल्या काळ्या मातीवर जड यंत्र फिरले तर ती विटेसारखी दबते आणि पुढची दोन-तीन वर्षे तरी पाणी नीट मुरत नाही. अगदी कोरडी असेल तर ढेप धरतच नाही, तिचा भुगा होतो.

दोरी लावून फुटा-फुटाचे चौकोन आखा. धार लावलेल्या फावड्याने रेषेवर उभे काप घ्या. मग फावडे जवळपास आडवे धरून मुळांच्या चटईखालून सरकवा. पहिली ढेप काढताना त्रास होतो, नंतर हाताला अंदाज येतो. सकाळी सहा ते नऊ एवढेच काम करा. जळगावच्या मे महिन्यात त्यापुढे माणसाचेही हाल आणि ढेपांचेही.

ढेपांचे खत निश्चित होते. कडुनिंबापासून आणि घराच्या भिंतीपासून दूर, ५ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ४ फूट उंच अशी रास रचली की तुमच्या १०० घनफूट ढेपा तिच्यात मावतात. गवताची बाजू खाली आणि मुळांची बाजू वर, अशा पालथ्या ठेवायच्या. दर दोन थरांवर पातळ शेणकाला शिंपडायचा, वरून काळे प्लास्टिक झाकून कडांना दगड ठेवायचे. उजेड मिळाला नाही तर गवत पुन्हा फुटत नाही आणि ओल टिकली तर ते कुजते. आपल्याकडे कुजण्यासाठी उष्णता मुबलक आहे, कमी पडते ती ओल. आठ-दहा दिवसांनी प्लास्टिक उचलून मध्ये हात घालून पाहा आणि कोरडे लागले तर पाणी द्या. कोरड्या राशीला उधई लागते, म्हणूनच ती भिंतीपासून आणि लाकूडफाट्यापासून लांब हवी. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) रचलेली रास दिवाळीच्या सुमारास उघडली तर मोकळी, तंतुमय माती हाती येते. ती चाळून कुंड्यांना आणि रोपांच्या गादीवाफ्याला वापरावी. तुमच्या वांग्याच्या रोपांना याहून चांगली माती मिळणार नाही.

ती पांढरी अळी हुमणीची आहे. तिचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ आणि बोरीवर येतात आणि अंडी मातीत घालतात. तुमच्याकडे कडुनिंबही आहे आणि पाणी दिलेली जमीनही. ढेपा उचलल्यावर जमीन तासभर उघडी राहू द्या, साळुंक्या आणि बगळे आपले काम चोख करतात. उरलेल्या अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

गवताचा काही भाग स्वच्छ असेल, तर ढेपा रास न करता वाफ्यांच्या तळाशी पालथ्या घालूनही चालतात. वर ९ इंच माती आली पाहिजे.

मातीची कुंडी (अमळनेर)

वाफसा दादांनी फार नीट लिहिले आहे, परंतु त्यांच्या शेवटच्या सूचनेला मी विरोध करते. त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे.

ताई, तुम्ही दोऱ्यात ओवल्यासारख्या काळपट गाठी लिहिल्या आहेत, त्या लव्हाळ्याच्या आहेत. खात्री करायची असेल तर हिरवळीतून उंच वाढलेली, अधिक चकचकीत पाती शोधा आणि तिचा फुलोऱ्याचा दांडा दोन बोटांत फिरवा. लव्हाळ्याचा दांडा तिधारी असतो, बोटांना कडा लागतात. हरळीची काडी गोल असते आणि तिच्या प्रत्येक पेऱ्यावर मूळ फुटते. गाठ नखाने खरवडली तर नागरमोथ्याचा वास येतो, कारण आपण औषधात वापरतो तो नागरमोथा याच कुळातला आहे.

चार वर्षांपूर्वी मी माझ्या परसातली हिरवळ काढली, ढेपा पालथ्या घालून वाफ्यांच्या तळाशी दाबल्या आणि वर चांगली ९ इंच माती टाकली. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत मेथीच्या आधी लव्हाळा वर आला. मी उपटत गेले आणि तो वाढत गेला, कारण वरची पात तुटते आणि साखळीतली पुढची गाठ जागी होते. दोन पावसाळे मी दर रविवारी सकाळी खुरपे घेऊन बसले आहे. त्याहून वाईट वाटले ते वेगळ्या कारणाने. त्या मातीच्या चार घमेल्या मी आनंदाने शेजारच्या काकूंना त्यांच्या तुळशीवृंदावनासाठी दिल्या होत्या. आज त्यांच्या वृंदावनातही लव्हाळा आहे आणि तो मी दिलेला आहे.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की, आधी हिरवळीचे दोन भाग पाडा. जिथे लव्हाळा दिसतो तिथे चुना टाकून खूण करा आणि खुणेबाहेर आणखी दोन फूट जागा संशयित धरा. त्या भागातील ढेपा राशीत अजिबात घालू नका. घरगुती राशीतली ऊब लव्हाळ्याच्या गाठी मारण्याइतकी खात्रीची नसते. या ढेपा गच्चीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर पातळ पसरा, फावड्याच्या पाठीने फोडा आणि दोन आठवडे वैशाखाच्या उन्हात सोडा. रोज एकदा दाताळ्याने उलथा. लव्हाळ्याला पाणी मारत नाही, कापणे मारत नाही, पण पूर्ण वाळणे मारते. आपल्या खान्देशाच्या उन्हाचा एवढा उपयोग दुसऱ्या कुठल्याही कामात होत नसेल.

गाठ मेली की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. एक गाठ घ्या आणि मोडा. आतून पांढरा, ओलसर गर दिसला तर ती जिवंत आहे. आतून तपकिरी, कोरडी आणि कटकन मोडणारी निघाली तर काम झाले. अशा वीसेक गाठी वेगवेगळ्या जागांहून घेऊन पाहा, एका-दोनवर विश्वास ठेवू नका. मग वाळलेली माती चाळणीतून काढा आणि चाळणीवर राहिलेला गाठींचा व काशांचा (जमिनीखालच्या खोडांचा) चोथा जाळून टाका. जाळताना थोडाच असतो.

जमिनीत खाली राहिलेल्या गाठींसाठी वाफे ओले करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरण्याचा उपाय सांगितला जातो. २५ ते ५० मायक्रॉनचे प्लास्टिक, कडा मातीत गाडलेल्या, चार ते सहा आठवडे. इतर तणांचे बी आणि मातीतील रोगकारक बुरशी यांना तो चांगला लागू पडतो. लव्हाळ्याला तो पुरेसा पडत नाही, हे मी करून पाहिले आहे. त्याच्यासाठी खोल खणून वेचणे हाच मार्ग आहे.

खडीमुरूम (धुळे)

मी बांधकामाच्या क्षेत्रात आहे, म्हणून पेव्हर ब्लॉकच्या भागापुरते लिहितो.

ताई, आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. तुम्ही पाहिलेल्या भेगा त्याच्याच आहेत. या मातीवर थेट फरशी किंवा ब्लॉक बसवले तर पहिल्या पावसाळ्यानंतर ते वर-खाली होतात. ९ इंचांऐवजी पूर्ण १ फूट खाली जावे, तळ दाबून घ्यावा आणि ६-६ इंचांच्या थरांत चांगला मुरूम पाणी मारून धुमसून भरावा, असे मी सुचवीन. त्यावर बारीक कचेचा (दगडाच्या चुऱ्याचा) पातळ थर आणि मग ब्लॉक. उतार घरापासून बाहेरच्या दिशेने दर ५ फुटांना १ इंच ठेवा. म्हणजे वाफसा यांच्या हिशेबात आणखी ३ इंच, अर्थात ७५ घनफूट माती वाढली. सुटलेली माती धरून एकूण सुमारे साडेचार ब्रास होईल.

ही काळी माती बांधकामाच्या भरावात कुठेही वापरू नका. काही वर्षांपूर्वी एका घराच्या कामात मालकांच्या आग्रहाने मी मागच्या अंगणातली काळी माती ओट्याखाली भरू दिली. मुरमाच्या दोन ट्रॉल्या वाचल्या. दुसऱ्या पावसाळ्यात ओट्याच्या फरशा मधोमध उचलल्या गेल्या आणि पायरी भिंतीपासून बोटभर सुटली. ओटा पुन्हा बांधावा लागला आणि तो खर्च मी सोसला, कारण नाही म्हणण्याची जबाबदारी माझी होती. जी माती पिकाला उत्तम, तीच जोत्याखाली घातक. हे तुमच्या ठेकेदारांनाही स्पष्ट सांगा.

वाफ्यांची माती घराच्या भिंतीला टेकवू नका. जोत्याच्या वरच्या पातळीपेक्षा निदान ६ इंच खाली राहिली पाहिजे, अन्यथा ओल भिंतीत चढते. वाफा आणि भिंत यांच्यामध्ये दीड-दोन फुटांची खडीची पट्टी ठेवलेली बरी.

कडुनिंबाच्या बुंध्याशी मातीचा ढीग लावण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ती जागा मोकळी दिसते. बुंध्याभोवती फूटभर माती चढली की वरच्या मुळांना हवा मिळत नाही आणि झाड दोन-तीन वर्षांत कोपऱ्याकोपऱ्याने वाळू लागते. फांद्यांच्या घेराखाली खोदाईही करू नका. फाटकाकडच्या भागात झाडाचा घेर येत असेल, तर तेवढी जागा ब्लॉकविना सोडा.

आणखी एक व्यवहाराची बाब आहे. भरावासाठी वापरली जाणारी माती गौण खनिजात मोडते. अंगणातली माती अंगणातच वापरली तर प्रश्न नाही. ट्रॉलीने बाहेर पाठवायची झाली, तर तलाठी किंवा तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या. रस्त्यात ट्रॉली अडवली गेल्यावर घाईने फोन करण्यापेक्षा ते सोपे असते.

पिंपळपार (शहादा)

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो आहे. वरच्या तिन्ही उत्तरांशी सहमत आहे, परंतु एका गोष्टीचा उल्लेख कोणी केला नाही, तो म्हणजे कूपनलिकेच्या पाण्याचा.

ताई, तुम्ही १५ वर्षे ज्या पाण्यावर हिरवळ जगवली, त्या पाण्यात किती क्षार होते हे महत्त्वाचे आहे. पाणी उडून जाते आणि क्षार मातीत राहतात. तापीच्या खोऱ्यात खोल काळ्या जमिनी क्षारपड (क्षार साचलेल्या) किंवा चोपण (सोडियम वाढून घट्ट, निबर) झालेल्या पुष्कळ ठिकाणी दिसतात. हिरवळीचे गवत, विशेषतः हरळी, क्षार बऱ्यापैकी सहन करते. घेवडा किंवा गाजर तेवढे सहन करत नाही. म्हणजे वर गवत हिरवेगार दिसत होते, एवढ्यावरून खालची माती भाजीला योग्य आहे असे मानता येत नाही. उन्हाळ्यात हिरवळीच्या विरळ जागांवर पांढुरकी पापुद्र्यासारखी खपली येते का, हे आठवून पाहा. बादलीच्या कडेला पांढरे किटण बसत असेल तर तोही इशारा आहे.

माती परीक्षण करून घ्या, खर्च किरकोळ आहे. ढेपा काढल्यावर पाच-सहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची वरपासून तळापर्यंत बोटभर जाडीची माती तासून घ्या. सगळी एकत्र करून सावलीत वाळवा. मग ढीग पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले पुन्हा मिसळा आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करत राहा. घराकडच्या आणि फाटकाकडच्या भागांचे नमुने वेगळे ठेवा. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या आणि त्यासोबत कूपनलिकेच्या पाण्याचाही अर्धा लिटर नमुना स्वच्छ बाटलीत द्या.

अहवालात सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता (मातीत क्षार किती, याचे माप) हे दोन आकडे आधी पाहा. आपल्या काळ्या मातीचा सामू साधारण ७.५ ते ८.५ असतो, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. ८.५ च्या वर गेला तर जमीन चोपण होत असण्याची शक्यता असते आणि तेव्हा जिप्समचा विचार करावा लागतो, तोही अहवालातील प्रमाणानुसारच. वाहकता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर निश्चिंत राहा. त्याहून थोडी जास्त असेल, तर उंच गादीवाफे करून पहिल्या पावसाळ्यात पावसाच्या पाण्याने क्षार खाली धुऊन जाऊ द्या आणि भाजी हिवाळ्यात लावा. आपल्याकडे पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो वाहून न जाता वाफ्यात मुरला तर मोठे काम करतो.

तुमच्या चौकोनात दिसलेला लाल थर रोपवाटिकेतून गालिच्यांबरोबर आला आहे. तो काळ्या मातीत मिसळून टाका, वेगळा पट्टा म्हणून ठेवू नका. दोन भिन्न पोतांचे थर एकावर एक राहिले की पाणी त्यांच्या सांध्यावर अडते आणि मुळे तिथेच वळतात. मिसळल्यावर मात्र तीच लाल माती काळ्या मातीचा चिकटपणा थोडा कमी करते.

माती साठवण्याबद्दल विचारले होते. पावसाळाभर ठेवायची असेल तर ढीग ४ फुटांहून उंच नको, नाहीतर आतल्या मातीला हवा मिळत नाही. पहिल्या पावसावर त्या ढिगावरच ताग फेका. त्याची मुळे माती धरून ठेवतात, पावसाने ती वाहत नाही, आणि फुलावर येण्याच्या सुमारास कापून मातीत मिसळला की हिरवळीचे खत होते.

अंगणवेल (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आस्थेने कोणी लिहील असे वाटले नव्हते.

आज सकाळी मी आणि मुलाने लव्हाळ्याची पाहणी केली. दांडा खरोखरच तिधारी निघाला. फाटकाच्या बाजूला नळाजवळ तो दाट आहे आणि घराकडे जवळजवळ नाही. चुन्याने खूण केली, तेव्हा सुमारे १५० चौरस फूट संशयित निघाले. म्हणजे बादलीतून सांडलेल्या पाण्याने त्याला पोसले असावे. पांढऱ्या खपलीबद्दल पिंपळपार काकांनी विचारले होते. नळाजवळच ती दिसते, बाकी ठिकाणी नाही.

ठेकेदारांना सांगितले की गवत आम्ही काढू, त्यांनी फक्त फाटकाकडचा भाग खोदावा आणि काळी माती वेगळ्या ढिगात टाकावी. ते आधी नाराज झाले, पण पुन्हा भराव करावा लागण्याची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी मान्य केले.

एक शंका आहे. फाटकाकडच्या भागातील खालची माती, म्हणजे लव्हाळ्याच्या खालचे १० इंच, वाफ्यात घ्यावेत का?

मातीची कुंडी (अमळनेर)

ताई, नळाजवळच्या १५० फुटांतील पहिले ६ इंच वाफ्यात घेऊ नका, कारण बहुतेक गाठी तेवढ्यातच असतात. काही त्याहून खोलही जातात. म्हणून त्याखालची मातीही एकदा पसरून, वाळवून आणि चाळून मगच घ्या. उरलेल्या १५० फुटांतील माती बिनदिक्कत वापरा. आणि कृपया, कोणी मागितली तरी संशयित माती कोणालाही देऊ नका.

वाफसा (चोपडा)

अमळनेरच्या ताईंचे म्हणणे मला पटले, तळाशी ढेपा घालण्याची माझी सूचना मी मागे घेतो. हरळी आणि लव्हाळा मिसळलेल्या हिरवळीत तो धोका पत्करू नये.

वाफे किती होतील तेही पाहून घ्या. ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब असे चार वाफे ९ इंच उंच केले, तर ९६ घनफूट माती लागेल. ४ फुटांहून रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यावर पाय ठेवावा लागत नाही. उरलेल्या मातीने अंगणात पाणी साचणारी जागा भरून घ्या. कुंड्यांसाठी निव्वळ काळी माती वापरू नका. ती वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि दिलेले पाणी त्या फटीतून खाली निघून जाते. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू किंवा तुमच्या राशीतली चाळलेली माती, असे मिश्रण चालते.

अंगणवेल (जळगाव)

आषाढ लागला आहे, म्हणून झालेले काम कळवते.

ढेपा काढायला आम्हाला सहा सकाळी लागल्या. ४५० फुटांच्या स्वच्छ ढेपांची रास मागच्या बाजूला रचली आहे. लव्हाळ्याच्या ढेपा गच्चीवर सोळा दिवस वाळवल्या. बाराव्या दिवशी मोडलेल्या वीस गाठींपैकी तीन आतून पांढऱ्या निघाल्या, सोळाव्या दिवशी एकही नाही. चाळणीवर दोन घमेली चोथा राहिला, तो जाळला.

माती परीक्षणाचा अहवाल आला. घराकडच्या भागाचा सामू ८.१ आणि वाहकता ०.४ आहे. नळाजवळचा सामू ८.४ आणि वाहकता १.३ आहे. तिथली वाहकता काकांनी सांगितलेल्या १ च्या वर निघाली, म्हणून नळाजवळची वाळवलेली माती वाफ्यात घेतली नाही. तिचा ढीग कुंपणाशी लावून त्यावर ताग फेकला आहे आणि तो आता वीतभर वर आला आहे. मुरूम दोन थरांत धुमसून भरला, ब्लॉक बसवायचे काम श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी पूर्ण होईल असे ठेकेदार म्हणतात.

चारही वाफे तयार आहेत. काल त्यांतल्या एकाच्या कडेला हाताने उकरून पाहिले. लाल आणि काळी माती अजून ठिपक्याठिपक्यांनी वेगळी दिसते, पण पाणी कुठेही अडलेले नाही. भरिताच्या वांग्याचे बी गादीवाफ्यावर टाकले आहे. रास उघडायची वेळ आली की तिच्या आत काय झाले आहे ते इथे लिहीन. परवा प्लास्टिक उचलून मनगटापर्यंत हात घातला होता, आत कोमट लागले आणि ओलही होती.